दवाखान्यामागची तार

जबाब देणार: वस्तीत मला सगळे बॅटरीभाऊ म्हणतात, कागदावरचे नाव ठाण्याच्या नोंदीत आहे. वय एकोणपन्नास. शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. धंदा शेती, आणि वस्तीच्या सोलर विजेची देखभाल. राहणार डोंगरावरची आदिवासी वस्ती, दवाखान्याच्या खालच्या अंगाला.

मी आज कोणी न बोलावता ठाण्यात आलो असून समक्ष सांगतो की, मागच्या सोमवारी उजाडताना मी नेहमीप्रमाणे सूर्याला हात जोडले आणि ओले फडके घेऊन सोलरच्या प्लेटा पुसायला लागलो. तेवढ्यात दवाखान्याच्या नर्सताईंनी हाक मारली. त्यांनी औषधांच्या फ्रिजचे दार उघडून मला आत हात घालायला लावला. आत बाहेरच्याइतकेच गरम होते. साप चावल्यावर द्यायची इंजेक्शने आणि लहान मुलांच्या लसी त्यांनी माझ्यादेखत बादलीत टाकल्या. असे त्या महिन्यात दुसऱ्यांदा झाले होते.

वादळात विजेचे खांब पडल्यापासून वस्तीला बाहेरून वीज येत नाही. सगळे सोलरवर आणि बॅटरीवर चालते. बॅटरी ठरावीक पातळीच्या खाली उतरली की घरांची वीज आपोआप तुटते. खाली उरते ती राखीव. ती फक्त दवाखान्याच्या फ्रिजला द्यायची, असा वस्तीच्या सभेचा नियम आहे. खोलीची किल्ली माझ्याकडे असते. म्हणजे राखीव वीज संपली तर पहिला संशय माझ्यावर येतो, आणि माझा सगळ्यांवर.

कंपनीचा माणूस तपासून गेला. तो म्हणाला, "बॅटऱ्या ठणठणीत आहेत. कोणीतरी ओढतंय." तेव्हापासून मी प्रत्येकाच्या दारावरून जाताना आत पाहू लागलो. शिंप्याच्या इस्त्रीला हात लावून पाहिला. नर्सताईंचा फोन भिंतीला किती वेळ लागलेला असतो, तेही पाहिले. बायको म्हणाली, "आता मलाही विचारा, झोपेत मिक्सर लावते का म्हणून." माझी मोठी वहिनी गेले काही दिवस माझ्याकडे दह्याची वाटी पाठवत होती. त्याआधी त्या घरातून माझ्याशी बोलणे जवळजवळ नव्हते. त्या दह्याचाही मला संशय आला, पण विजेशी त्याचा संबंध मी लावला नाही.

वस्तीने नाव घेतले ते गिरणीवाल्याचे. तो खालच्या रस्त्यावरून येऊन वस्तीत राहिलेला, आमच्या जातीचा नाही. त्याची पिठाची गिरणी डिझेलवर चालते. अलीकडे त्याला डिझेल आणताना कोणी पाहिले नव्हते. सभेत विचारल्यावर तो हसला. "तुमच्या बॅटरीवर माझी गिरणी? जात्याचा दगड तरी हलेल का? डिझेल मी बाजाराच्या दिवशी आणतो, तुम्ही सगळे बाजारात असता, पाहणार कोण?" तो हसला हेच लोकांना खटकले. तक्रार लिहिली गेली. खाली पहिली सही माझी आहे. काल दुपारी त्याला ठाण्यात आणले.

आज उजाडताना मी प्लेटा पुसायला गेलो. घरांची वीज तुटलेली होती, सगळी वस्ती गप्प होती. बॅटरीचा आकडा पाहिला. राखीव अजून होती, पण जितकी असायला हवी त्याहून बरीच कमी. गिरणीवाला तर रात्रभर इथे बाकावर होता. मग मी दवाखान्याची लाइन भिंतीला धरून पाहत मागच्या बाजूला गेलो. तिथे भोपळ्याचा वेल चढला आहे. वेलाखाली फ्रिजच्या लाइनला दुसरी तार जोडलेली होती. जोडावर काळी टेप नव्हती. जखमेला लावतात ती पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. खरे सांगतो, त्या क्षणी मला नर्सताईंचा संशय आला. मी तार धरून चालू लागलो. ती कुंपणाच्या कडेने जाऊन माझ्या थोरल्या भावाच्या घराच्या मागच्या खिडकीत शिरली होती. आतून घरघर ऐकू येत होती.

ती घरघर वहिनीच्या यंत्राची. वहिनीने खडी फोडण्याच्या कामावर उमर घालवली, धूळ छातीत बसली. मोठ्या दवाखान्याने तिला हवेतला प्राणवायू ओढून देणारे यंत्र दिले आहे. यंत्र आले तेव्हा भावाने सभेत विचारले होते की, हे राखीव विजेवर घेता येईल का. मागून कोणीतरी म्हणाले, "बॅटरीभाऊच्या घरचंच आहे, होणार नाही तर काय." त्यावर मी उठून म्हणालो की नियम सगळ्यांना एक, माझ्या घरच्यांना आधी. भाऊ खाली बसला. नंतर त्याने पुन्हा विचारले नाही, मीही नाही.

मी दार ढकलले. भाऊ चुलीशी होता. तो म्हणाला, "पाहिलीस? मग काप."

"दादा, गिरणीवाल्याला धरलंय."

"माहीत आहे. रात्रभर झोपलो नाही. माझं नाव सांग, मी कुठं पळतोय?"

"फ्रिज बंद पडला. औषधं गेली. उद्या एखाद्या पोराला साप चावला तर?"

"आभाळ भरलेलं असलं की पहाटे हेही बंद पडतं," तो यंत्राकडे पाहत म्हणाला. "मग उजाडेपर्यंत मी तिला बसवून धरतो. तू काय ते ठरव, मला हिशेब शिकवू नको."

वहिनी अंथरुणावर बसली होती. नाकाला नळी होती, ती गालावर तसल्याच पांढऱ्या चिकटपट्टीने बसवलेली. आमचे बोलणे यंत्राच्या आवाजात तिला नीट ऐकू गेले नसावे. ती म्हणाली, "भावजी, या. दही आवडलं का? किती दिवस म्हणते, यांना सांगून बोलवावं. तुम्ही सभेत नाही म्हणालात तेव्हा मला फार लागलं होतं. मग ही तार आली. मी यांना म्हटलं, बघा, भाऊच तो. लोकांसमोर नाही म्हणाला, पण गुपचूप दिलीच." 

भावाने माझ्याकडे पाहिले नाही. चुलीतले लाकूड पुढे सारले. दही आवडले, एवढेच मी वहिनीला सांगितले.

तिथून मी बॅटरीच्या खोलीत गेलो. देवाचे नाव घेतले आणि थोडा वेळ पायरीवर बसलो.

मग ठाण्यात आलो. बाकावरून गिरणीवाला म्हणाला, "या बॅटरीभाऊ. आता काय, गिरणीचा पट्टा न्यायला आलात?" मी त्याला हात जोडले. त्याने तोंड फिरवले.

माझे सांगणे असे की, गिरणीवाल्याने वीज घेतलेली नाही. त्याच्याविरुद्धच्या तक्रारीवरची माझी सही मी मागे घेतो. तार माझ्या थोरल्या भावाने जोडली. तो घरी आहे. यंत्राजवळ दुसरे कोणी बसायला मिळाले की स्वतः हजर होईल.

पुढचेही लिहून घ्यावे. खोलीच्या पायरीवरून उठल्यावर मी वेलाखालची तार काढून टाकली. वहिनीच्या यंत्रासाठी राखीव लाइनवर वेगळा स्विच बसवून पक्की तार टाकली. दोन्ही चालायचे तर राखीव वाढवायला हवी, म्हणून घरांची वीज आधीच तुटेल अशी पातळी लावली. त्यात माझे घर आले, गिरणीवाल्याचे आले, सगळ्यांची आली. सभेला विचारलेले नाही. आज संध्याकाळी दिवे लवकर जातील तेव्हा लोकांना कळेल, आणि ते माझ्या दारात येतील. सभा मला या कामावरून काढू शकते, ते मला मान्य आहे. पण तो जोड मी केला आहे आणि मी तो सोडवणार नाही.

हवालदारांनी हे सर्व मला सावकाश वाचून दाखवले. एका ठिकाणी "भावाने चोरी केली" असे लिहिले होते, तिथे मी "तार जोडली" असे करून घेतले. बाकी मी बोललो तसेच आहे.