एका दमाची ओळ

केंटकीच्या डोंगरातल्या फुप्फुसांच्या दवाखान्यात डेलिया नाकात ऑक्सिजनची नळी लावून नंबराची वाट पाहत होती. मागच्या बाकावर कोळशाच्या खाणीत जन्म काढलेल्या दोन म्हाताऱ्यांची जुंपली होती.

"एमेट, तोंडातलं ते नळकांडं काढून बोल."

"श्वासाचा व्यायाम चाललाय, दिसत नाही?"

"काल त्यापायीच भोवळ येऊन पडलास म्हणे."

"यातली स्प्रिंग पार शेवटपर्यंत आवळली होती, श्वास ओढायला सगळ्यात जड."

"हलक्यापासून सुरू कर, असं इथल्या त्या नर्स पोरीनं बजावलं होतं ना?"

"ऑर्विल, उभ्या जन्मात मी कधी अर्धी वॅगन भरून वर पाठवली का रे?"

"ही खाण नाही, गाढवा, छाती आहे तुझी!"

"कळलं. आता हलक्यावरच ओढतोय. पण रविवारी आपल्या खाणीतल्या रोस्कोच्या मातीला भजन मीच सांगणार."

"पाद्री म्हणतो, पडद्यावर शब्द दाखवू. तुला झेपायचं नाही."

"पडदा? आपल्या चर्चमध्ये? मी जिवंत असताना?"

"केवढं मोठं भजन आहे ते! तुला जिना चढवत नाही."

"सगळं कोण म्हणतंय? मी एक ओळ सांगायची, ती तुम्ही सगळ्यांनी उचलायची. तेवढ्यात माझा पुढचा दम भरतो."

"आणि नाही भरला तर?"

"तर ऐक."

एमेटनं छाती भरून घेतली आणि खड्या आवाजात ओळ सांगितली. ती शेवटाला फाटली, पण पुरी झाली. मग खोकल्यानं तो दुमडला.

डेलियानं नळी सारखी केली आणि ओळ उचलली. तिच्यामागून अख्ख्या खोलीनं उचलली.

"आता पुढची सांग," ऑर्विल म्हणाला. "सगळे थांबलेत."