कागदावरचं एकच नाव

तेच तर सांगते गो बाय — तुझ्या भावाच्या कागदावर जे नाव लिहिलंय ना, तेच माझ्या कागदावर, आणि माझी मोठी जाऊ हिरी, ती बघ आत सलाईन लावून झोपवलीय, तिच्याही. बायपोलर. तिघांना एकच. म्हणून काय तुझा भाऊ माझ्यासारखा होईल? छे. आणि झाला तरी वाईट काय — मी बघ कशी मजेत. आज उजाडायच्या आत आमच्या झरी गावातली चार अंगणं सारवली, आमचं सोडून. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही, हात थांबतच नव्हते. चिकूच्या वाडीत बायका म्हणतात, जयवंती, आमच्याही टोपल्या तूच भर — मी भरते पण, हसून हसून पोट दुखतं. हिरीचं उलटं. ती भिंतीकडे तोंड करून पडते, आठ-आठ दिवस केस विंचरत नाही. माझं महालक्ष्मीच्या यात्रेत नाचता नाचता सुरू झालं, तिचं बाळंतपणानंतर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लक्षणांची यादी असते, त्यातली काही तुझी जुळली, काही दुसरीच तिची, नाव मात्र एक. गोळ्या वेगळ्या.

मला नाही पटलं. एका चुलीवर जेवतो आम्ही, आजार एक, मग गोळ्या वेगळ्या कशाला? माझ्या मला इतक्या लागू पडलेल्या, तिच्या तिला पडेनात — म्हणून माझ्या तिला द्यायला लागले. नागलीच्या भाकरीत चुरून, दोन हप्ते. तिच्या त्याही चालूच होत्या. आणि मी? मला कुठं गरज — तीन रात्री डोळा लागला नाही, तरी दमले का? नाही ना. तिचे हात मात्र परवापासून थरथरतात, आज सकाळी तोल जाऊन पडली. काय खाल्लं विचारलं आतल्या डॉक्टरांनी, मी सांगितलं, वाल आणि भाकरी.

अशी काय बघतेस? नाही सांगितलं आत. माझ्या लग्नात हळद लावली होती गो तिनं मला, तिचं वाईट करीन का मी? बरी व्हावी म्हणून दिल्या. भीती वाटते मला. फार भीती वाटते — आता उठलीस कशाला? बस ना, यात्रेतली गंमत तर राहिलीच — सिस्टरकडे नको जाऊस. थांब. मीच जाते. मीच सांगते. तू जा तुझ्या भावाकडे.