एकशे शहात्तर रात्री

सुलभा : हा सोफा कुणी आणला, अण्णा? बसलं की माणूस आत आत जातं. उठायचं म्हटलं तर धरायला काही नाही.

पांडुरंग : बेंगळुरूहून आलाय, अक्का. चारी लॉजला एकसारखा. हुबळी, बेळगाव, निपाणी, सांगली, कुठंबी जावा, हाच सोफा. आपलं जुनं बाक चालत नाही म्हणाले.

सुलभा : बाकाला पाठ होती. बरं, ते राहू दे. अकरा नंबरची किल्ली द्या. साडेदहा झाले, माझा दिवस इथं दारातच चालला.

पांडुरंग : किल्ली नाही आता. कार्ड असतंय. दाराला दाखवलं की दार उघडतंय.

सुलभा : मग कार्ड द्या.

पांडुरंग : चहा घेता काय आधी?

सुलभा : सोळा वर्षांत चारच्या आधी कधी चहा विचारला नाहीत. काय झालंय?

पांडुरंग : तुमचं आधार धारवाडचं नव्हे काय, अक्का.

सुलभा : मग कुठलं असणार? सुभाष रोडला खाली भांड्यांचं दुकान, वर घर. लग्न होऊन आले तेव्हापासून तोच पत्ता.

पांडुरंग : तेच नडलंय. आमच्या जुन्या मालकांच्या, अप्पांच्या पोरांनी चारी लॉज ह्या ओरविला कंपनीला दिले, हे तुम्हाला मागंच बोललो होतो. आता नियम त्यांचा. आधार गावातलं असलं तर खोली द्यायची नाही. आणि हुबळी-धारवाडला महानगरपालिका एकच. तुमचं नाव घातलं की कंप्युटरात लाल पट्टी येते बघा.

सुलभा : अहो, वीस किलोमीटर बसमध्ये उभी राहून येते मी.

पांडुरंग : बसचं त्याला काय कळतंय.

सुलभा : आणि गावातल्या माणसानं खोली घेतली तर काय होतं म्हणे?

पांडुरंग : असं काही लिहिलेलं नाही. ट्रेनिंगला एक मॅडम आल्या होत्या, त्या म्हणाल्या, गावात घर असताना माणूस खोली कशाला घेतो ते तुम्हीच समजून घ्या.

सुलभा : आणि तुम्ही घेतलंत.

पांडुरंग : बाकीच्यांनी घेतलं. मी मान खाली घालून बसलो.

सुलभा : सत्तावन्न वय माझं. गुडघ्याला पट्टा बांधून तुमचा जिना चढते. तेवढं सांगायचं होतं त्या मॅडमना. जरा हसल्या तरी असत्या.

पांडुरंग : अक्का, चिडू नका. तुमचं नाव खाली पडू दिलेलं नाही मी. खरं सांगतो. कंपनीवाले म्हणाले, जुनी रजिस्टरं रद्दीत घाला. मी म्हटलं, रद्दीत कशी घालू? ह्यात आमची माणसं आहेत. तीन महिने रोज बसून एकतीस रजिस्टरं कंप्युटरात घातली. एका बोटानं. टायपिंग कुठं येतंय मला.

सुलभा : कशासाठी?

पांडुरंग : जुन्या गिऱ्हाइकाला काही मान असावा म्हणून. जितके मुक्काम तितके पॉइंट. निपाणीच्या तंबाखूवाल्या शेटजींना गोल्ड लागलं. तुम्हाला तर डायमंड. सगळ्या हुबळीत तुम्ही एकट्याच डायमंड, अक्का.

सुलभा : डायमंड आणि खोली नाही.

पांडुरंग : ते दोन वेगळे विभाग आहेत म्हणे. अन् आम्हा जुन्या नोकरांना महिनाअखेर नारळ. पण मेसेज चांगला गेलाय. अभिनंदन म्हणून, हिऱ्याचं चित्र घालून. आला असेल की तुम्हाला.

सुलभा : मला कुठला मेसेज? कुठल्या नंबरवर?

पांडुरंग : रजिस्टरात होता तो. दोन हजार नऊचा. तुमच्याच हातानं लिहिलेला.

सुलभा : अण्णा, दोन हजार नऊ साली माझ्याकडे मोबाइल नव्हता.

पांडुरंग : मग तो...

सुलभा : ह्यांचा. तुम्ही म्हणालात, रकाना मोकळा सोडता येत नाही, पोलीस बघतात. मला तेवढा एकच नंबर पाठ होता. आणि तुम्ही म्हणाला होता, ह्यावर कधी कुणी फोन करत नाही.

पांडुरंग : केला नाही की. सोळा वर्षांत एकदा तरी केला काय?

सुलभा : मेसेज कधी गेला?

पांडुरंग : काल. संध्याकाळी सहाला सगळ्यांना एकदम गेला.

सुलभा : म्हणून.

पांडुरंग : काय झालं, अक्का?

सुलभा : काल रात्री आमटीत मीठ नव्हतं, तरी बोलले नाहीत. आज सकाळी स्वतः स्कूटर काढली आणि मला स्टँडवर सोडलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा. मठात सिद्धारूढाला माझाही नमस्कार सांग म्हणाले. मला इतकं बरं वाटलं, अण्णा. बसमध्ये मी तेवढंच घोळवत आले.

पांडुरंग : मी तुमच्या भल्यासाठी...

सुलभा : माहीत आहे. मनात वाईट असतं तर तुमच्याशी भांडता तरी आलं असतं. सोळा वर्षं तुम्ही जिभेवर माझं नाव येऊ दिलं नाहीत. आणि एका बोटानं सगळं गावाला सांगितलंत.

पांडुरंग : त्यांना आता फोन लावू काय? चुकून आलाय म्हणून सांगतो. दुसऱ्या सुलभाचा आहे म्हणतो.

सुलभा : फोन नको. तिकडं बघा. समोर उसाच्या गाड्यापाशी.

पांडुरंग : ते पांढऱ्या शर्टातले? अर्ध्या तासापासून उभे आहेत की. मी म्हटलं, कुणाची तरी वाट बघत असतील.

सुलभा : वाटच बघतायत.

(काचेचं दार आपोआप उघडतं. मारुती दुकानातल्या चपलांवरच आत येतात. हातात मोबाइल.)

मारुती : नमस्कार. खोली पाहिजे होती.

पांडुरंग : या, बर्री साहेब. बसा.

मारुती : बसत नाही. ह्यात लिहिलंय, जोडीदाराला एक रात्र फुकट. म्हणून आलो.

सुलभा : अहो.

मारुती : थांब, ह्यांच्याशी बोलतोय. माझं इंग्रजी कच्चं, म्हणून काल दुकानात कॉलेजचे मास्तर आले होते त्यांच्याकडून वाचून घेतलं. एकशे शहात्तर रात्री. वाचून झाल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला. अभिनंदन म्हणाले.

पांडुरंग : रात्री नव्हे साहेब! तिथंच घोळ आहे. कंप्युटरात दिवसाचा रकानाच नाही. एक नोंद घातली की तो एक रात्र धरतो. अक्का दहाला येणार, पाचाच्या ठोक्याला जाणार. रात्र एकपण नाही. आईशप्पथ.

मारुती : ते मलाही कळतंय. रात्री ती घरीच असायची. ही कुंडी कशाची आहे, पितळेची?

पांडुरंग : असंल की. कंपनीनं पाठवलंय.

मारुती : पितळ नव्हे. ऐका. टिचकी मारली की आवाज बसतोय. आत पत्रा आहे, वर मुलामा. मला हातात न घेता कळतं. तीस वर्षं हेच केलं. तुम्हाला मी कुठंतरी बघितलंय.

पांडुरंग : नाही साहेब. असं कसं.

मारुती : दुकानात आला होता. घागर आणि ताटांचा सेट. मुलीचं लग्न होतं तुमच्या. ही गल्ल्यावर बसली होती, हिनंच पावती केली.

पांडुरंग : हौद्री, होय साहेब. आलो होतो.

मारुती : दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही.

पांडुरंग : ती आमच्या लॉजची रीत होती. अप्पांनी घालून दिलेली. गेस्ट बाहेर दिसला तर आपण त्याला ओळखत नाही. बाजारात असो, लग्नात असो. त्यानं हाक मारली तरच बोलायचं.

मारुती : चांगली रीत आहे. लपवायचं काही नसताना लोक अशा रीती घालतात काय?

सुलभा : मला विचारा की. त्यांना कशाला उलटसुलट विचारताय?

मारुती : तुला काय विचारू? तू मठात असतेस. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, आमच्या घरात भक्ती आहे ती हिच्यामुळं. स्वाती सून म्हणून आली तेव्हा तिला म्हटलं, सासूकडून एवढं तरी शीक. प्रसाद तरी खरा होता काय?

सुलभा : प्रसाद खरा. आधी मठात जायचे, मग इथं. मठात मी खोटं बोललेले नाही.

मारुती : म्हणजे फक्त घरी बोललीस.

सुलभा : हो.

पांडुरंग : साहेब, मी सांगू काय? मधे बोलतो, माफ करा. पहिल्या वेळी बस बंद होत्या. हुबळी बंद होतं त्या दिवशी. अक्का मठातून चालत आल्या, घेरी येऊन आमच्या बाकावर बसल्या. अप्पांनीच पाणी दिलं, म्हणाले, मागची खोली रिकामी आहे, पडा तासभर. चार तास झोपल्या. पुढच्या महिन्यात बस चालू होत्या, तरी आल्या.

मारुती : का आली?

पांडुरंग : ते मी विचारलं नाही. ते पण रीतीत बसत नव्हतं.

मारुती : वर कोण जायचं?

पांडुरंग : मीच जायचो. चारला चहा घेऊन. दोनदा टकटक करायचं, बाहेर स्टुलावर ठेवायचं, खाली यायचं. दुसरं कुणी त्या जिन्यावर पाय ठेवलेला नाही. पलंगावरची चादर अक्का स्वतः घडी घालून जायच्या. रूमबॉय म्हणायचे, ह्या बाई आल्या की आल्याच नाहीत, कळत नाही.

मारुती : आणि दिवसभर करायची काय?

पांडुरंग : झोपायच्या. नाहीतर खिडकीत बसायच्या. मागं अंगण आहे, तिथं चादरी वाळत घालतो आम्ही. त्या बघत बसायच्या. कधी काही मागितलं नाही. एवढंच म्हणायच्या, चहा काचेच्या ग्लासात आणा. स्टीलचा पेला नको. भांड्याचा आवाज नको.

सुलभा : अण्णा, पुरे.

पांडुरंग : चुकीचं बोललो काय?

सुलभा : नाही. खरं तेच बोललात.

मारुती : भांड्याचा आवाज.

सुलभा : अहो, तुम्ही बसा तरी. तोंड उतरलंय तुमचं. सकाळपासून काही खाल्लंत काय?

मारुती : उसाचा रस घेतला. दोन ग्लास. समोर फुकट उभं राहू देत नव्हता तो.

सुलभा : साखर वाढेल.

मारुती : वाढू दे. मी काल रात्रभर छताकडं बघत पडलो होतो. तू घोरत होतीस. मी म्हटलं, हिला झोप कशी लागते? मग म्हटलं, उद्या मागं जाऊन बघायचं. तिथं कुणीतरी असणार. मी त्याला ओळखतही असेन. इथल्या दुर्गदबैल बाजारातला कुणी व्यापारी असेल. मी काय बोलणार तेसुद्धा ठरवून आलो होतो.

सुलभा : काय ठरवलं होतं?

मारुती : तुला काय करायचंय? आता त्याचा उपयोग नाही. इथं तर हे अण्णा आहेत आणि हा सोफा.

पांडुरंग : साहेब, चाव्या आहेत माझ्याकडं. म्हणजे कार्ड. नियम मोडतो आज. वर जाऊन अकरा नंबर बघून या. मनात काही राहायला नको.

मारुती : बघून काय दिसणार? चादर बदलली असेल.

सुलभा : चला की. खिडकी बघा. तेवढीच आहे बघण्यासारखी.

मारुती : खिडकी घरी पण आहे.

सुलभा : आहे. रस्त्यावर. खाली तुम्ही गिऱ्हाइकाला तांब्या वाजवून दाखवता, वर मी ऐकते. तांब्या खाली ठेवला की 'अगं' म्हणता. अगं, चहा पाठव. अगं, सुटे आहेत काय. अगं, माझा चष्मा. चष्मा तुमच्या कपाळावर असतो.

मारुती : मग बोलायचं होतंस. चष्मा मी शोधला असता.

सुलभा : चष्म्याचं नाही हो.

मारुती : मग कशाचं? मी मारलं कधी? दारू प्यालो? तुझ्या माहेरच्या माणसाला कधी उपाशी पाठवलं? पोराच्या, लोकेशच्या लग्नात तुझ्या मनासारख्या साड्या घेतल्या की नाही? काय कमी होतं घरात?

सुलभा : कमी काहीच नव्हतं.

मारुती : हेच. हेच मला कळत नाही. कुणीतरी होतं म्हण. खोटं बोल. सोळा वर्षं बोललीस, अजून एकदा बोल. मला राग तरी येऊ दे. आता मी काय घेऊन घरी जाऊ?

पांडुरंग : मी चहा सांगतो.

सुलभा : तुम्ही बसा, अण्णा. आता कुठं जाऊ नका.

मारुती : सिद्धारूढाची शपथ घालतो. कोण असायचं त्या खोलीत?

सुलभा : कुणी नाही.

मारुती : रिकाम्या खोलीत माणूस एकशे शहात्तर वेळा कशाला येईल?

सुलभा : तुम्ही नसायचा, अहो. म्हणून यायचे.