सत्तावीस इंच उंचीचा ओटा फोडल्याबाबत

नाव व पत्ता वर नोंदल्याप्रमाणे. वय ४४ वर्षे. धंदा घरी शिवणकाम.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर नवऱ्यासोबत राहते. तीन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडल्यापासून मी चाकाच्या खुर्चीत आहे. घरातला ओटा छत्तीस इंच उंच आहे, तिथे बसून माझा हात पोचत नाही. तेव्हापासून स्वयंपाक नवरा करतो. गल्लीत त्याला देवमाणूस म्हणतात. चहा हवा असला तर मला मागावा लागतो. तो देतो, पण आधी शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारतो, "आता परत चहा?"

यंदा मी स्वतः मापं काढून खिडकीखाली सत्तावीस इंच उंचीचा काँक्रीटचा ओटा करायला घेतला, खाली गुडघे जातील असा. मोठी बहीण मदतीला आली. अंगणात प्लायचा साचा मांडला, जाळी टाकली, माल ओतला. साच्यात ओटा पालथा ओततात हे माहीत असून मी मापं सरळच लावली. उलटवल्यावर सिंकचं भोक नळाच्या विरुद्ध टोकाला आलं. नवरा आठवडाभर खुशीत होता. येईल त्याला अंगणात नेऊन भोक दाखवायचा आणि म्हणायचा, "हिला सांगत होतो, झेपेल तेवढंच कर."

दुसरा ओटा बरोबर आला. सात दिवस ओली पोती टाकून पाणी मारलं. परवा सोमवारी प्लंबरने तीन माणसं आणून तो बसवला. संध्याकाळी पाच वाजता मी त्यावर चहा केला आणि नवऱ्यापुढे कप धरला. त्याने घेतला नाही.

काल सकाळी साडेनऊला मी बहिणीसोबत दवाखान्यात गेले. अकराला परत आले तेव्हा ओट्याचे तुकडे पडले होते, शेजारी घण होता, आणि नवरा जुन्या ओट्यापाशी उभा राहून भाजी चिरत होता. मी जाब विचारला. तो म्हणाला, "मी आहे ना. तुला काय कमी केलंय?"

इथल्या हवालदारांनी मला दोनदा सांगितलं की एवढं करणारा नवरा नशिबाने मिळतो, घरातलं घरात मिटवा. तेही जबाबात घ्यावं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि मला काही मिटवायचं नाही. तो आहे म्हणूनच मला ओटा हवा होता.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "पतीने रागाच्या भरात" असं लिहिलं होतं, ते शब्द मी खोडायला लावले. घण घालण्याआधी त्याने ओट्यावरची माझी भांडी पुसून कपाटात लावून ठेवली होती. बाकी मी सांगितलं तसंच उतरलं आहे.