साहेबाला हवी असलेली राख

आमचं रेवदंड्याचं घर जळालं, तेव्हाची गंमत तुम्हाला सांगितलीच नाही. माणसं सगळी वाचली. घराचा विमाही होता. अण्णा, म्हणजे आमचे वडील, मुंबईला नोकरीत असताना कुणीतरी तो त्यांच्या गळ्यात मारला होता. पण विम्याचा साहेब आगबोटीने येईपर्यंत शेजाऱ्यांनी जागा झाडून लख्ख केली होती आणि राख नेऊन आपापल्या माडांच्या बुंध्याशी घातली होती.

साहेबाने विचारलं, "घर जळालं, तर राख कुठाय?"

हे शेजारच्या गंगाकाकूने ऐकलं. घटकाभरात आळीतल्या बायका आपापल्या चुलीतली राख टोपल्यांतून आणून आमच्या अंगणात ओतायला लागल्या.

साहेब ढिगाकडे बघून म्हणाला, "एवढी राख व्हायला अख्खा गाव जळायला हवा होता."

अण्णांचा चेहरा पडला. काकू मात्र पुढे झाली. "यांचं घर पेटलं तवा आमी पानी घेऊन धावलो. आज तुमाला राख पायजे व्हती, राख घेऊन आलो."

साहेबाने पिशवीतून कागद काढले. "आग लागली होती, याला एवढे साक्षीदार पुरे," म्हणाला आणि तिथंच मंजुरीची सही केली.

अण्णांनी साहेबाला हात जोडले. काकूने साहेबालाच विचारलं, "मंग आता ही राख माडांना घालू?"