हिरव्या इंजिनाचा मंद दिवा

— नाही नाही, इंजिन चालतं हो, इंजिनाला धाड भरलेली नाही, तुम्ही उगाच चाकं फिरवत बसू नका. दिवा बघा, दिवा. हा पुढचा. टेबलावर धावणारी असली तरी आगगाडीच ना ती — आणि दिवा कसा, तर विझत आलेल्या विडीसारखा. तो मला लख्ख करून हवाय, आणि आत्ता हवाय. संध्याकाळी गाडीची वेळ असते आमच्याकडे, त्याच्या आत मला घरी पोचायचंय. उद्या नाही चालणार. उद्या गवंडी येतोय. गवंड्याचा आणि दिव्याचा काय संबंध? आहे, संबंध आहे. तुम्ही स्क्रू काढायला घ्या, मी सांगते.

आमच्या सासऱ्यांना ह्या गाड्यांचा भारी नाद. हॉलभर टेबल, त्यावर रूळ, पूल, डोंगर, स्टेशन, स्टेशनावर पेपर वाचणारा इवलासा माणूससुद्धा. सासरे गेले, दोघा भावांनी घर वाटून घेतलं, आणि मधली भिंत आली ती नेमकी टेबलावरून. गवंडी विचारतोय, रुळांचं काय करू — आणि हे दोघं दोन दिशांना तोंडं करून उभे. शेवटी मीच म्हटलं, तेवढं भोक ठेव रे बाबा, बोगदा समज. ते भोक अजून आहे. आमच्या बाजूला आमचं काळं इंजिन, पलीकडे भाऊजींचं हिरवं. संध्याकाळी त्यांची गाडी भोकातून आमच्याकडे येते, एक चक्कर मारून परत जाते. मग आमची तिकडे जाते. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, अगदी जिन्यात समोर आले तरी एक भिंतीकडे बघतो, दुसरा चपलांकडे. पण गाड्या येतात-जातात.

भांडण कशावरून? ह्याच रंगावरून हो. दोन्ही इंजिनं मुळात काळी, सासऱ्यांनी जोडीने आणलेली. भाऊजींनी एक कुणाला न विचारता हिरवं रंगवलं. हे म्हणाले, बापाच्या वस्तूला रंग फासतोस? ते म्हणाले, बाप काय तुझ्या एकट्याचा होता? झालं. पन्नाशी उलटलेले दोन बाप्ये, आणि अबोला इंजिनाच्या रंगावरून. हसा, हसा, मीही पहिले आठ दिवस हसले.

काय? हिरवं भाऊजींचं, तर मग ते माझ्या पिशवीत कसं — तुमचं लक्ष स्क्रूवर असू द्या की जरा. बरं, ऐका. काल ते भोकातून आलं, चक्कर मारत होतं, हे पेपरात डोकं घालून बसलेले — म्हणजे पेपर नुसता धरायचा, डोळे वरून रुळावर, मला काय कळत नाही का — आणि तेवढ्यात ह्यांना शिंक आली. शिंकताना माणूस डोळे मिटतो. मी उचललं आणि पदराखाली घातलं. ह्यांनी विचारलं, गेली का गाडी? मी म्हटलं, गेली. चोरी कसली त्यात? दिवा लख्ख करून परतच तर करणार आहे. स्वतःचं घर सोडून दिराच्या इंजिनाला दिवा बसवणारी भावजय बघितलीत का कुठे?

कारण असंय, गेले काही दिवस ह्या दिव्याने माती खाल्ली. हे रोज म्हणतात, बघ, त्याचाही जीव उडाला यातून, दिवासुद्धा धड ठेवत नाही, उगाच उपकार केल्यासारखी गाडी पाठवतो. त्यापेक्षा बुजवून टाकू ते भोक, झुरळं तरी यायची थांबतील. आणि सांगितलं की गवंड्याला. आता मला सांगा, भोक बुजलं की संपलंच ना सगळं? भिंत ती भिंतच होईल मग. म्हणून म्हटलं, आज संध्याकाळी भोकातून असा झगझगीत उजेड यायला हवा की ह्यांचा पेपर खाली पडला पाहिजे.

मी घरी करून बघितलं नाही असं नाही. काय म्हणालात, चाकांना आणि दिव्याला वीज एकच, म्हणून गाडी हळू तर दिवा मंद? ते ठाऊक आहे मला. परवा आमच्या बाजूला आल्यावर सोडली जोरात, दिवा उजळला, छान उजळला — आणि वळणावर गाडी सुटली ती थेट ह्यांच्या मांडीवर. चहासकट. मग काल रात्री काच पुसली, नेलपॉलिश काढायच्या पाण्याने. तर ती आणखीच धुरकट झाली आणि नाकाडावरचा हिरवा रंगही थोडा निघाला. हो, हेच ते काळं दिसतंय. तेवढं झाका काहीतरी करून, तुमच्या पाया पडते.

आमची गाडी? ती मीच पाठवते. ह्यांनी तर भांडणानंतर बटणाला हात लावलेला नाही. मी म्हणते, रूळ गंजतील, म्हणून फिरवते. पलीकडे भाऊजींना वाटत असणार, दादा पाठवतोय. वाटू दे. पण काल घोटाळा झाला बघा — ह्यांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून आमचं काळं पाठवलं पलीकडे, ते परत आलंच नाही. भाऊजींनी अडकवून ठेवलं असणार, आमचं दे मग तुझं घे, असं. रात्रभर झोप नाही मला. भोक वाचवायला गेले आणि —

ते काय आहे? ते, तुमच्या मागच्या फळीवर. नमुना म्हणून दाखवताय होय, नव्या दिव्याचा उजेड कसा पडतो ते? दाखवा. इकडे द्या बघू. ही मागची कडी वाकडी आहे, ती मी चिमट्याने सरळ करायला गेले होते तेव्हाची. हे आमचं आहे. आमचं काळं. तुमच्याकडे कसं? सकाळी एक बाई देऊन गेल्या? बुटक्याशा, चष्मा डोक्यावर, एकसारख्या बोलणाऱ्या? म्हणाल्या, दिराचं आहे, दिवा लख्ख करा, आणि आमच्याकडची गाडी मीच सोडते हे कुणाला सांगू नका. धाकटी. आमची जाऊ.

थांबा हं, मला जरा बसू द्या. म्हणजे तिकडूनही तीच पाठवते. मी इकडून पाठवते ती तिला, ती तिकडून पाठवते ती मला, आणि दोघींना वाटतंय आपण भावांची मनं जुळवतोय. भावांनी बटणाला बोटसुद्धा लावलेलं नाही. इतके दिवस मी ह्यांना सांगतेय, बघा, भाऊजींना अजून ओढ आहे हो तुमची. कसली ओढ. वाईट वाटलं हो मला. खरंच वाईट वाटलं. आणि दोन्ही इंजिनं इथे, म्हणजे आज तिथे काही येणारही नाही, जाणारही नाही, आणि उद्या गवंडी.

किती वाजले? अगंबाई, गाडीची वेळ टळूनसुद्धा गेली. हा बघा, ह्यांचाच फोन. गप्प बसा हं तुम्ही.

हॅलो. हो, येतेच, बाजारात आहे. नाही आली गाडी? आज नसेल सोडली भाऊजींनी. मी काय सांगणार. मग? तुम्ही भोकाशी जाऊन हाक मारली? तुम्ही? काय म्हणून मारलीत — नुसतं नावाने? आणि त्यांनी ओ दिली. ते भोकाशीच बसले होते? त्यांना वाटलं तुम्ही आजारी आहात. बरं. आता कुठे आहेत ते? आपल्या हॉलमध्ये. मग ही नाकं कोण ओढतंय मागे, तुम्ही का ते? बरं बरं. गवंड्याला काय सांगायचं? सांगा, भोकाच्या जागी दार पाडायचंय म्हणून. नाही, मला काही घाई नाही, येईन सावकाश.

ठेवला ह्यांनी फोन.

अहो, ते स्क्रू लावून टाका परत. दिवा नको. दोन्ही इंजिनं कपाटात घाला आणि कुलूप लावा, आठ दिवस हात लावू नका. कोणी विचारत आलं, तर तुम्ही ती बघितलीच नाहीत. आणि आमची धाकटी आली, तर तिला सांगा, दिवे मिळत नाहीत सध्या. जाते मी.