सोललेलं संत्रं

—नाही सर, प्रोजेक्टर नंतर आवरा, आधी माझं ऐका. मी लिहून दिलेल्या प्रसंगात मुलीचा मुलगा केलात, सहावीची आठवी केलीत, शाळेला ‘एक उपनगरी शाळा’ म्हणालात — झाली तुमची गोपनीयता? आणि संत्रं? संत्रं का ठेवलंत? तुम्हीच म्हणालात ना, शिक्षकांच्या कार्यशाळेत केस स्टडीला खरा प्रसंग द्या, खऱ्याशिवाय चर्चेला धार येत नाही — आली की धार! ‘नैतिक पेच दुसरा : वेगळे राहणारे वडील मधल्या सुट्टीत कुंपणाशी येतात, मुलाला संत्रं सोलून देतात, पांढरा धागान् धागा काढून. वर्गशिक्षिकेला ठाऊक आहे. तिने आईला सांगावं का?’ गट पाडलेत, तक्ते दिलेत, रंगीत पेनं दिलीत. आमच्या गटातले एक गुरुजी म्हणाले, अशा बाईला आधी घरी बसवा. मी मान हलवली. मग काय उभी राहून सांगू, ती बाई मीच?

आणि माझ्या शेजारच्या त्या ताई, निळ्या पर्सवाल्या — त्या आधी हसल्या. म्हणाल्या, “असं संत्रं सोलणारा एकच माणूस मी पाहिलाय, आमचे भावजी. भाचीला तसंच लागतं.” मग हसू विरलं. कागद पुन्हा वाचला, ओळीवर बोट ठेवून, पहिलीतलं पोर वाचतं तसा. त्या मुलीची मावशी आहे ती, सर! चहाला म्हणून फोन घेऊन बाहेर गेली, ती अजून आत आलेली नाही.

काय? योगायोग? योगायोग कसला, हलगर्जीपणा म्हणतात याला. कोर्टाने बापाला महिन्यातला एक रविवार दिलाय, आई तोही देत नाही, म्हणून तो कुंपणाशी येतो. उद्या तिथे आई उभी असेल. आणि पोरगी माझ्याकडे बघेल. ती मला काय म्हणाली होती माहितीये? “बाई, तुम्ही बघितलंत तर चालेल.” बस्स, एवढंच. सांगू नका असंसुद्धा म्हणाली नाही — तिला ते म्हणायची गरजच वाटली नाही हो.

आणि तुम्ही म्हणता, तपशिलाने केस जिवंत होते! जिवंत माणसांचं काय मग? — धाग्यांची ओळ माझी? हो, माझीच आहे. चारदा खोडून लिहिली होती, मग कुठे बरी उतरली. तुम्हीच नाही का म्हणालात, लेखणी छान आहे तुमची — आणि मी खुळ्यासारखी घरी जाऊन सगळ्यांना — पण ते सोडा! ती खोडायची होतीत तुम्ही. तज्ज्ञ तुम्ही. माझ्यावर काय ढकलता?

—अगं बाई! दार... दचकलेच मी. या ना ताई, या. नाही, काही नाही, आमचं आपलं प्रोजेक्टरचंच चाललं होतं. मी? मी कुठल्या शाळेत?

सर, सांगा ना तुम्हीच. नावं बदलायची सवय तुम्हाला आहे.